चिनी भाषेच्या लेखन परीक्षेची तयारी कशी करून घ्यावी? (एचएसके ४ आणि ५)

निळीशाई
नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी पुण्यात घरीच चिनी भाषेचे क्लासेस घेते, बॅच लहान, सध्या नऊ जण. त्यातले चौघं एचएसके (चिनी भाषेची अधिकृत परीक्षा, लेव्हलप्रमाणे असते) ४ ला बसतायत आणि तिघं ५ ला. ऐकणं-वाचणं बरं चाललंय सगळ्यांचं, पण लेखनाचा पेपर सोडवायला दिला की वर्गात एकदम दहावीच्या भूमितीच्या तासासारखी शांतता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ आणि २ लेव्हलला लेखन नसतंच, आणि तिथेच घात होतो कारण मुलं वर्ष-दीड वर्ष पेन न उचलता पुढे येतात. ३ ला दहा प्रश्न, पाच शब्दांची जुळवाजुळव करून वाक्य करायचं आणि पाच ठिकाणी उच्चार दिलेला असतो तिथे अक्षर लिहायचं. ४ ला पंधरा प्रश्न, दहा जुळवाजुळवीचे आणि पाच चित्र बघून दिलेला शब्द वापरून वाक्य, वेळ २५ मिनिटं. ५ ला आठ वाक्यं जुळवायची आणि मग ८०-८० अक्षरांचे दोन छोटे निबंध, एक दिलेल्या पाच शब्दांवरून आणि एक चित्रावरून, सगळं मिळून ४० मिनिटांत.

आणि मुलांना कितीही सांगितलं तरी पटत नाही ती गोष्ट म्हणजे ऐकणं १००, वाचन १००, लेखन १०० असे ३०० चे मार्क आहेत. ३ लेव्हलला ऐकण्याचे प्रश्न ४० आणि लेखनाचे १०, म्हणजे सरासरी धरली तर लेखनातला एक प्रश्न गेला की ऐकण्यातले चार गेल्यासारखं. तरी सगळे दिवसरात्र ऑडिओ ऐकत बसतात.

माझे प्रश्न:
हाताने लिहून घेऊ की टायपिंगच करू दे? इंग्रजी मिडियमची मुलं डोक्यात इंग्रजी वाक्य करून त्याचं चिनी करतात ते कसं थांबवू? आणि होमवर्क ट्रान्सलेशन ॲपमधून काढून आणतात त्यांचं काय करू?

(इथे चिनी अक्षर टाकलं की नुसते चौकोन दिसतायत म्हणून सगळं देवनागरीत लिहितेय. उच्चार बघून जाणकारांनी नाकं मुरडू नयेत.)

फुकटचा_सल्ला
ताई मला चिनीतलं फक्त मंचुरियन कळतं आणि ते पण चिनी नाही म्हणे. वाचतोय.

शांघायकर
चांगला धागा. मी नऊ वर्षं इकडे आहे, ५ लेव्हल दुसऱ्या प्रयत्नात काढली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, टायपिंग. कॉम्प्युटरवरची परीक्षा घ्या, पिनयिनने (म्हणजे रोमन लिपीतल्या उच्चाराने) टाइप करायचं, खाली अक्षरांची यादी येते त्यातलं निवडायचं, संपलं. नऊ वर्षांत मी हाताने चिनी कधी लिहिलं असेल तर बँकेतले फॉर्म आणि एकदा घरमालकाला चिठ्ठी. इथल्या लोकांचीच ही गत आहे, पेन उचललं की अक्षर आठवत नाही, त्याला त्यांच्याकडे 'थीबीवांगझ' असा शब्दच आहे. मग आपल्या पोरांना कशाला छळायचं? तो वेळ वाक्यरचनेला द्या.

फक्त एक सांभाळा, टायपिंगच्या चुका वेगळ्या असतात. उच्चार बरोबर आणि अक्षर भलतंच. 'झाय' म्हणजे 'असणं' पण आणि 'पुन्हा' पण, 'था' म्हणजे तो, ती, ते तिन्ही, आणि 'द' तर तीन प्रकारचे, एक नामाच्या आधी लागतो, एक क्रियाविशेषणाला, एक क्रियापदानंतर. कॉम्प्युटर जो पहिला सुचवतो तो मुलं डोळे मिटून घेतात. माझे पहिल्या वेळी अशातच गेले, घाईत बहिणीवर लिहिलेल्या निबंधात बहीण अर्ध्यापासून पुरुष झाली होती.

तैपेईतली_तेजू
शांघायकर, बहिणीचं वाचून हसले पण मत अजिबात पटलं नाही :) तुम्ही नऊ वर्षं रोज पाट्या, मेनू, मेसेज वाचताय, तुमची नजर तयार आहे. पुण्यातल्या मुलाला आठवड्यातून दोनदा दीड तास चिनी दिसतं. हाताने लिहिल्याशिवाय त्याला 'विश्रांती' आणि 'शरीर' यातला फरक दिसणारच नाही, दोन्हीत डावीकडे माणूस, उजवीकडे झाड, आणि शरीराच्या झाडाच्या बुंध्यात एक बारकी आडवी रेघ जास्त. बस तेवढीच. 'खरेदी' आणि 'विक्री' दोघांचा उच्चार माय, सूर वेगळा, आणि विक्रीच्या डोक्यावर दहाच्या आकड्याचं चिन्ह चढवलेलं. यादीतून निवडताना याच जोड्या समोर येतात, आणि हाताने एकदाही न लिहिलेल्याला त्या जुळ्या वाटतात.

मी इथे तैवानात आहे म्हणून पारंपरिक अक्षरं शिकले. इथली टीओसीएफएलची (तैवानची चिनी भाषेची परीक्षा) लेखन परीक्षा पण कॉम्प्युटरवरच असते. तरी आमच्या शिक्षिका पहिलं वर्षभर वहीतच लिहून घ्यायच्या. आणि निळीशाई, मुलं नेटवरून सराव करत असतील तर एक बघा, सोपी (चीनमधली) आणि पारंपरिक अक्षरं एकाच निबंधात मिसळत नाहीत ना.

शांघायकर
तेजू, बुंध्यातली रेघ मान्य. पण सगळीच अक्षरं हाताने? अहो ५ ला जुन्या यादीप्रमाणे २५०० शब्द आहेत.

तैपेईतली_तेजू
सगळी कोण म्हणतंय. चीनच्या नव्या स्टँडर्डमध्ये (२०२१ चं, नऊ लेव्हलवालं) हाताने लिहिता यायला हवीत त्या अक्षरांची वेगळी यादीच आहे. पहिल्या तीन लेव्हलना मिळून ३००, मधल्या तीनला आणखी ४००, वरच्या तीनला ५००. म्हणजे एकूण १२००, आणि ओळखायची अक्षरं त्याच्या अडीच पट. त्यांनी स्वतःच ओळखणं आणि लिहिणं वेगळं केलंय. निळीशाईंनी ती पहिली ३०० घोटून घ्यावीत, बाकी टायपिंग. तुम्ही पण बरोबर, मी पण बरोबर.

निळीशाई
तेजू, हे फार उपयोगी. आमच्याकडे यावेळी तिघांना कागदावरचीच तारीख मिळालीये त्यामुळे लिहिणं टळत नाही.

गंमत सांगते, आपल्या मुलांची एक खास मराठी चूक. अक्षर वरून खाली, डावीकडून उजवीकडे लिहायचं, आडवी रेघ आधी. आमची मुलं आडवी रेघ शेवटी मारतात, शिरोरेषा मारल्यासारखी! सगळं अक्षर काढून झालं की वरून सर्रकन रेघ. एकीने तर पूर्ण वाक्यावर एकच लांब रेघ ओढली होती.

फुकटचा_सल्ला
ती मुलगी माझी आहे का बघा.

कोपऱ्यातला_बाक
मी विद्यार्थी बाजूने लिहितो. गेल्या वर्षी ५ दिली, लेखनात ४७. काय झालं ते सांगतो म्हणजे तुमच्या मुलांचं होणार नाही. पहिल्या आठ वाक्यांवर मी २२ मिनिटं घालवली. एक वाक्य जुळेना, अडून बसलो. मग पाच शब्दांचा निबंध, त्यात पाठ केलेली सुरुवात टाकली 'समाजाच्या विकासाबरोबर...' आणि शब्द होते घरमालक, भाडं वगैरे टाइप. समाजाच्या विकासाबरोबर माझा घरमालक. तिथून गाडी रुळावर आणता आणता दहा मिनिटं गेली आणि चित्राच्या निबंधाला उरली सात-आठ मिनिटं, चार ओळी लिहिल्या, शेवटचं वाक्य अर्धवट.

आता परत देतोय. आठ वाक्यांना जास्तीत जास्त दहा मिनिटं, अडलं की सोडायचं, दोन्ही निबंधांना तेरा-तेरा, चार मिनिटं तपासायला. घड्याळ लावून घरी करतोय. पहिल्या दिवशी तेरा मिनिटांत ४१ अक्षरं झाली होती. आता ८५ होतात.

मृद्गंध_नागपूर
'समाजाच्या विकासाबरोबर' म्हणजे आपलं 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' हो! सगळ्या भाषांत ही साथ आहे तर.

दुपारचा_चहा
निळीशाई, मला चिनीचा गंध नाही, मी मराठीची शिक्षिका, आता रिटायर. पण तुमचा धागा वाचून राहवेना. पाच शब्द देऊन त्यावर लिहायचं म्हणजे आमचं 'मुद्द्यांवरून कथालेखन' की गं! तीस वर्षं मुलांकडून करून घेतलंय. मुलं काय करतात, मुद्दे आहेत त्याच क्रमाने ओळीत एकेक वाक्य करून टाकतात, गोष्ट होतच नाही. मी त्यांना आधी लिहूच देत नसे. आधी तोंडी सांगायचं, कोण, कुठे, अडचण काय आली, कोणी मदत केली, शेवटी काय झालं. गोष्ट तोंडाने सांगता आली की मगच वही उघडायची.

आणि एक अडाणी प्रश्न, चिनी वाक्यात क्रियापद कुठे येतं? तुम्ही म्हणालात मुलं इंग्रजीतून करतात, मग मराठीतून करायला सांगून बघितलं का?

निळीशाई
काकू, अडाणी प्रश्न नाही, तुम्ही मला रात्री साडेअकरापर्यंत जागं ठेवलंत. क्रियापद कर्माच्या आधी येतं, इंग्रजीसारखं, 'मी खातो भात'. त्यामुळे आम्ही सगळे शिक्षक पहिल्या दिवसापासून सांगत आलो की इंग्रजीसारखं आहे, सोपं आहे. आणि मग पुढे मुलं सगळंच इंग्रजीसारखं करतात. काल वह्या घेऊन बसले आणि चुका मराठीशी ताडून बघितल्या. लिहिते, जरा लांब होईल.

एक. 'मी उद्या पुण्यात त्याला भेटणार आहे.' मराठीत वेळ, जागा, कोणाला आणि मग भेटणं. चिनीत पण हुबेहूब हाच क्रम, मी, उद्या, पुण्यात, त्याच्याशी, भेट. मुलं इंग्रजीतून करतात म्हणून भेटणं पुढे येतं आणि जागा, वेळ शेपटाला जाते. शिवाय 'ज्येनम्येन' ला कर्म चालत नाही, 'त्याला भेटणं' नाही, 'त्याच्याशी भेट होणं', म्हणजे 'गन था ज्येनम्येन'. मराठीत 'त्याच्याशी भेट झाली' म्हणतोच की आपण.

दोन. 'मी काल घेतलेलं पुस्तक.' यातला 'घेतलेलं' पुस्तकाच्या आधी येतो. चिनीत पण सगळं वर्णन आधी, मग 'द', मग पुस्तक, 'वो ज्वोत्येन माय द शू'. इंग्रजीत पुस्तक आधी आणि मग जे मी काल घेतलं ते. ५ लेव्हलच्या जुळवाजुळवीत आमची निम्मी मुलं इथेच आपटतात, कारण लांबलचक वर्णन नामाच्या आधी ठेवायचं धाडसच होत नाही. मराठीत मात्र रोज करतात, 'काल तू आईला दिलेला डबा कुठाय' विचारताना कोणी अडत नाही.

तीन. 'तो माझ्यापेक्षा उंच.' चिनीत 'था बी वो गाव', तो, पेक्षा, मी, उंच. बस. 'जास्त उंच' नाही, 'खूप उंच' तर नाहीच. मुलं मध्ये 'हन' (खूप) घालतात आणि वाक्य गेलं.

चार. बा-वाक्य. सगळ्यांचं दुखणं. 'मी पुस्तक टेबलावर ठेवलं' यात पुस्तक क्रियापदाच्या आधी आहे. बा हेच करतो, कर्माला उचलून क्रियापदाच्या आधी आणतो. इंग्रजीतून बघितलं तर बा म्हणजे आकाशातून पडलेलं काहीतरी, मराठीतून बघितलं तर नेहमीचं वाक्य. फक्त एक फरक, टेबल शेवटी येतं. जिथे काम घडतं ती जागा क्रियापदाच्या आधी आणि वस्तू जिथे जाऊन टेकते ती जागा नंतर. हे मी आज वर्गात डबा, पाण्याची बाटली आणि खुर्ची घेऊन करून दाखवलं.

पाच, आणि यासाठी मला स्वतःलाच टपली मारावीशी वाटली. 'ले'. मुलं भूतकाळ दिसला की ले चिकटवतात. मी दहा वर्षं नियम सांगतेय. काल लक्षात आलं की मराठीत आपण 'गेलो' आणि 'जायचो' वेगळं म्हणतो. 'काल आजीकडे गेलो' इथे ले येतो. 'लहानपणी दर सुट्टीत आजीकडे जायचो' इथे ले नको. इंग्रजीत दोन्हीकडे एकच रूप चालतं म्हणून घोळ. आज मुलांना म्हटलं, मराठीत जायचो-खायचो-बसायचो येत असेल तर ले लावू नका. एकीचा चेहरा असा झाला की बस!

दुपारचा_चहा
अगं पोरी, मला तर रडूच आलं वाचताना. व्याकरणाचा तास रद्द करा म्हणणारे पालक आठवले.

शांघायकर
निळीशाई, हे जबरी आहे. यात भर, घेऊन ये आणि घेऊन जा. 'दायलाय' आणि 'दायछ्यू'. येणं-जाणं बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतं आणि क्रियापदाला मागून चिकटतं, सेम आपलं. मी इंग्रजीतून शिकलो तेव्हा या प्रकरणाला पुस्तकात अख्खा धडा होता, भयानक नाव होतं त्याला.

पण मराठी दगा पण देते हां. 'मी उंच आहे' मधला 'आहे' घेऊन मुलं 'वो श गाव' करतात. तिथे श नको, 'वो हन गाव'. आणि 'काल गेलो नाही' ला 'मेय छ्यू ले' करतात, नकारात ले उडतो. त्यामुळे सगळंच मराठीतून करा असं नको सांगायला, नाहीतर वर्षभराने दुसरा धागा काढाल.

निळीशाई
हो, 'आहे' चं खरंय, तीच चूक पाच वह्यांत सापडली. वहीत दोन रकाने केलेत, 'मराठी साथ देते' आणि 'मराठी फसवते'. दुसरा पण भरतोय हळूहळू.

सिंगापूरची_सई
उशिरा आले. माझी लेक इथे आयबीला (आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम) आहे, मँडरिन बी, एसएल, म्हणजे दुसरी भाषा म्हणून चिनी, साधी पातळी. तिचा लेखनाचा पेपर एचएसकेपेक्षा वेगळा, तीन विषयांतला एक निवडायचा, सव्वा तासात ३०० ते ४८० अक्षरं. ३० मार्कांतले ६ तर नुसते, कोणासाठी लिहितोय आणि कुठला प्रकार निवडला, पत्र, ब्लॉग, भाषण, डायरी, ते बरोबर जमलंय का यालाच आहेत. लेकीने सरावात मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं आणि पूर्ण पत्रात 'नी' वापरला, 'निन' नाही. म्हणजे मुख्याध्यापकांना 'अरे तू'! भाषा छान होती तरी मार्क गेले. मी तिला म्हटलं तू मराठीत सरांना अरे म्हणशील का, तर म्हणे मराठीत मी सरांशी बोलतच नाही.

पत्राचा साचा पण त्यांचा ठरलेला. वर डावीकडे मायना आणि दोन टिंबं, पुढच्या ओळीपासून दोन चौकटी सोडून मजकूर, शेवटी 'शुभेच्छा' साठीचा 'झू' दोन चौकटी सोडून आणि जी शुभेच्छा द्यायची ती खालच्या ओळीत अगदी कडेपासून. सही उजवीकडे खाली, आणि तारीख सहीच्याही खाली, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आपली तारीख वर असते म्हणून तिची सारखी वर जायची.

निळीशाई
सई, चौकटींवरून आठवलं. चौकटीच्या कागदाचे नियम पण आधीच घोटून घ्यावे लागतात. परिच्छेद दोन रिकाम्या चौकटींनी सुरू, प्रत्येक विरामचिन्हाला स्वतःची चौकट, पूर्णविराम म्हणजे टिंब नाही तर बारीक गोल, आणि 'आंबे, केळी, पेरू' अशी यादी असली की मधे आपला स्वल्पविराम नाही तर थेंबासारखं वेगळं चिन्ह. ओळीच्या सुरुवातीला स्वल्पविराम आला तर तो मागच्या ओळीच्या शेवटच्या चौकटीत कोंबायचा. आकडे एका चौकटीत दोन. मुलं हे सगळं परीक्षेत पहिल्यांदा बघतात आणि गांगरतात. मी साध्या वहीवर घेणं बंदच केलं, चौकटीचे कागद प्रिंट करून ठेवलेत.

कोपऱ्यातला_बाक
एक विचारू? कठीण शब्द वापरले तर जास्त मार्क मिळतात का? आमचे सर म्हणायचे दर निबंधात एक तरी चार अक्षरी म्हण हवी.

तैपेईतली_तेजू
नाही रे बाबा. ५ च्या पाच शब्दांच्या निबंधाला परीक्षेच्या माहितीपत्रकात ज्या पायऱ्या दिल्यात त्यात वरच्या पायरीसाठी काय हवं, तर पाचही शब्द वापरलेले, अक्षरात चूक नाही, मजकूर भरगच्च आणि सुसंगत. एक शब्द राहिला तर थेट खालची पायरी. म्हणींबद्दल अवाक्षर नाही. चुकीच्या जागी मारलेली म्हण म्हणजे बारशाला जाऊन 'ईश्वर आत्म्यास शांती देवो' म्हणण्यासारखं.

ज्या शब्दाचं अक्षर नक्की येत नाही तो वापरूच नये, त्याच अर्थाचं सोपं लिहावं. ही एक सवय लागली तरी मार्क वाढतात. बरोबर लिहिलेलं 'मला भीती वाटली' चुकीच्या म्हणीपेक्षा कधीही चांगलं.

निळीशाई
कोपऱ्यातला_बाक, एक करून दाखवते, मी कालच वर्गात दिलेलं. शब्द असे: मुलाखत, घाबरलेला, अनुभव, प्रोत्साहन देणं, अखेरीस.

आधी प्रत्येक शब्द वाक्यात कुठे बसतो ते बाजूला लिहायचं. 'घाबरलेला' (जिनजांग) विशेषण आहे, ते कर्म घेत नाही, मुलाखतीने मला घाबरवलं असं त्याने होत नाही, मी खूप घाबरलो असंच. 'प्रोत्साहन देणं' (गुली) नंतर कोणाला ते आणि मग काय करायला, अशी साखळी चालते. 'अखेरीस' (जोंगयू) कर्त्यानंतर आणि क्रियापदाच्या आधी, आणि शेवट गोड असेल तरच, वाट बघून मिळालं या अर्थाने. 'अखेरीस मी नापास झालो' ला तो शब्द चालत नाही, एकाने लिहिलंच होतं.

मग काकूंच्या पद्धतीने तोंडी गोष्ट. गेल्या आठवड्यात माझी एका कंपनीत मुलाखत होती. मला कामाचा अनुभव नव्हता म्हणून मी खूप घाबरलो होतो. ताईने मला बघून येण्यासाठी प्रोत्साहन दिलं. ती म्हणाली, अनुभव नसला तरी तू मेहनती आहेस. काल कंपनीचा फोन आला, अखेरीस मला नोकरी मिळाली. झालं, पाच वाक्यं, एकही वाक्य अवघड नाही, चिनीत केलं की ८० च्या आसपास जातं, कमी पडलं तर त्या दिवशी हवा कशी होती ते टाका.

मृद्गंध_नागपूर
मी चिनी शिकत नाही, जर्मन शिकते, पण वाचनखूण साठवली. ६ लेव्हलला काय असतं मग? कादंबरी?

शांघायकर
६ ला एकच प्रश्न. साधारण १००० अक्षरांची गोष्ट देतात, दहा मिनिटं वाचायची, काही उतरवून घ्यायचं नाही, मग कागद काढून घेतात आणि ३५ मिनिटांत ४०० अक्षरांत तीच गोष्ट लिहायची. शीर्षक तुमचं, पण स्वतःची मतं घालायची नाहीत. माझ्या ओळखीतले दोघं इथे अडकले, कारण शाळेची सवय, गोष्ट संपली की हात आपोआप 'तात्पर्य:' लिहितो.

त्याच्याही वर ७ ते ९ ची एकच परीक्षा आहे, २०२२ च्या नोव्हेंबरपासून, सगळी कॉम्प्युटरवर. त्यात आलेख बघून २०० अक्षरं आणि विषयावर ६०० अक्षरं. तिकडे मी अजून बघितलं पण नाही.

दुपारचा_चहा
तात्पर्य लिहिलं की मार्क जातात?! माझी तीस वर्षं पाण्यात.

निळीशाई
काकू :D

ट्रान्सलेशन ॲपचं राहिलंच. मी घरचं लेखन बंद केलं. आता तास सुरू झाला की पहिली दहा मिनिटं थिंगश्ये, म्हणजे मी बोलते आणि ते लिहितात, आधीच्या तासाचे दहा शब्द आणि दोन वाक्यं. मग तेरा मिनिटं घड्याळ लावून एक निबंध, फोन दाराजवळच्या टोपलीत. घरी काय करायचं तर नवीन काही लिहायचं नाही, वर्गात चुकलेलं परत लिहून आणायचं.

तपासताना पण बदललं. आधी मी सगळं लाल करून बरोबर वाक्य वर लिहून द्यायचे, मुलं बघायची, हं म्हणायची आणि पुढच्या वेळी तीच चूक. आता फक्त खूण करते, क्रम चुकला तर बाण, अक्षर चुकलं तर गोल, ले-द-बा ची भानगड असेल तर त्रिकोण. सुधारायचं त्यांनी. आणि ती चूक चुकांच्या वहीत जाते, तारखेसकट. एकाच्या वहीत 'आधीच' आणि 'स्वतः' या दोन अक्षरांची अदलाबदल सहा वेळा आहे, ती कोपऱ्यातली उभी रेघ थोडी वर गेली की नाही एवढाच फरक. सातव्यांदा नाही आली.

अक्षरांसाठी एक युक्ती चालली, सुटं अक्षर न देता कुटुंब द्यायचं. 'छिंग' चा एक भाग उजवीकडे कायम, डावीकडे बोलण्याचं चिन्ह लावलं की 'विनंती', पाण्याचं लावलं की 'स्वच्छ', काळजाचं लावलं की 'भावना', सूर्याचं लावलं की 'निरभ्र'. मुलं म्हणतात ही त्यांची बाराखडी.

सिंगापूरची_सई
हे लेकीला दाखवलं, ती म्हणे हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. खरं तर सांगितलं असणार, तिने ऐकलं नसणार.

निळीशाई
धागा वर काढतेय. काल परीक्षा झाली.

४ वाले खूश आहेत. ५ वाल्यांपैकी दोघांचे दोन्ही निबंध पूर्ण झाले. तिसऱ्याचा चित्राचा निबंध ७० च्या आसपास राहिला पण वाक्य अर्धवट सोडलं नाही म्हणे. बाहेर आल्यावर एकीने सांगितलं, 'मॅम, एका वाक्याला ले लावू की नको कळेना, मग मनात मराठीत म्हणून बघितलं, जायचो आलं, नाही लावला.' चूक की बरोबर ते निकालात वेगळं कळणार नाही, पण मी मात्र तिला तिथेच वडापाव दिला.

निकालाला अजून वेळ आहे. पुढची बॅच ३ ची, त्यांना पहिल्याच तासाला चौकटीचे कागद देणार.

कोपऱ्यातला_बाक
मी पण काल दिली, दुसऱ्या शहरात. चारच मिनिटं उरली तपासायला पण उरली. एका ठिकाणी 'विक्री' ची 'खरेदी' झाली होती, वर दहाचं चिन्ह चढवून आलो.

सिंगापूरची_सई
निळीशाई, त्या चौकटीच्या कागदाची फाइल पाठवाल का? इकडे वही मिळते पण लेकीला चौकट मोठी हवीये.

निळीशाई
मेसेज बघा, पाठवलीये. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' काढून टाका, नाहीतर चौकटी लहान होतात.